देव सर्वांत शेवटी

पूल आला की मी गाडीची काच वर करते. ऑफिसला जाताना आणि परत येताना, रोज. शेजारी कोणी बसलेलं असलं तर म्हणते, वास येतो हो. वास येतोच, त्यात खोटं काही नाही. पण खरं कारण असं की पुलावरून डावीकडे पाहिलं तर आमची जुनी गल्ली दिसते, आणि काच वर असली की मान सरळ ठेवणं सोपं जातं. एवढंसं नाटक मी वर्षानुवर्षं करत आले आहे आणि अजून कोणी मला पकडलेलं नाही.

गेल्या महिन्यात मात्र एका रविवारी गाडी डावीकडे वळवली. आशाताईचा फोन आला होता. आशाताई म्हणजे आमच्या शेजारच्या सुमनकाकूंची मुलगी, ती सिमरोलला राहते. म्हणाली, "आईला मी इकडे आणतेय गं. आमचे बाबा गेल्यापासून दोन वर्षं एकटी काढली तिने, अब बस. घर बंद करतोय. तुला भेटायचं असेल तर रविवारी सकाळी ये." मी हो, हो, नक्की म्हटलं आणि फोन ठेवला. काकूंना भेटायचं नाही असं नव्हतं. भेटले तर बोलावं लागेल, याची भीती होती.

आमची गल्ली मोठ्या रस्त्यापासून सहा पायऱ्या खाली. कागदोपत्री तिच्या टोकाशी नदी आहे, पण गल्लीतल्या कोणीही तिला कधी नदी म्हटलं नाही, नालाच म्हटलं. उन्हाळ्यात तो इतका गरीब दिसायचा की पाहुण्यांना आमच्या पुराच्या गोष्टी खऱ्या वाटायच्या नाहीत. आता बहुतेक घरांनी दारापुढचे ओटले उंच करून घेतलेत. आमच्या घराच्या जागी तीन मजली इमारत आहे, गुलाबी फरशीची. मी तिच्यासमोर उभी राहिले. फरशी गुलाबी असली तरी खालच्या कडेला ओल चढलेली होतीच, आणि त्या ओलीचा वास आला तशी मी चौदा वर्षांची झाले.

आमच्या घरी वर्षाचे ऋतू दोनच. सामान खाली असलेला आणि सामान वर असलेला. नागपंचमी झाली की बाबा पलंगाच्या पायांखाली विटा घालायचे. मग कपाटाखाली, मग शिलाई मशीनखाली. घर हळूहळू वर चढायचं आणि आम्ही त्यात टाचा उंचावून वावरायचो. माळ्यावर जुनं सामान आवरून जागा करायची, शिडी दाराआडून काढून स्वयंपाकघरात भिंतीला लावून ठेवायची, आणि पाणी आलं तर काय आधी उचलायचं याचा क्रम बाबा आम्हा दोघींकडून, म्हणजे आईकडून आणि माझ्याकडून, पाढ्यांसारखा म्हणून घ्यायचे. आधी पीठ आणि धान्य. मग गाद्या. मग पुस्तकं आणि कागद. मग मशीनचं डोकं. मग कपडे. देव सर्वांत शेवटी.

देव शेवटी का, असं मी लहानपणी विचारलं होतं. बाबा वीज कार्यालयात कारकून होते, पण देवधर्माचा विषय निघाला की त्यांच्यातला खोडकर माणूस जागा व्हायचा. म्हणाले, "अगं, ते पितळेचे आहेत. त्यांना काय होतंय? दोन तास डुंबतील, मग चिंच लावली की लख्ख. पीठ भिजलं तर त्यांना नैवेद्य कशाचा दाखवणार?" आई म्हणायची, काहीतरीच तुमचं. पण क्रम तिलाही पटलेला होता. पाणी ओसरलं की पहिलं काम म्हणजे घमेल्याने चिखल बाहेर काढणं, आणि दुसरं म्हणजे ओटल्यावर बसून चिंचेने देव घासणं. ते माझं काम. बाळकृष्णाच्या गुडघ्यामागे नेहमी थोडा गाळ राहून जायचा, तो मी काडीने काढायची.

पुरानंतरचे ते दिवस मला आवडायचे, हे आता सांगायला लाज वाटते. फिनेलचा वास, गोवऱ्यांच्या धुराचा वास, कडुनिंबाच्या फांदीवर वाळत घातलेल्या रजयांचा कुबट वास. शाळेला सुट्टी. चूल पेटत नसली की दुपारी शेव-परमल, म्हणजे शेव-चुरमुरे, आणि कच्चा कांदा. शेजारच्या ओटल्यावरून सुमनकाकूंचे यजमान, आमचे काका, बाबांना ओरडून विचारायचे, "काय भिया, कितवी वीट?" आणि बाबा इकडून उत्तर द्यायचे, "दुसरी! तुमची?" काका आणि सुमनकाकू यांचं घर आमच्यापेक्षा दोन पायऱ्या खाली, त्यामुळे या स्पर्धेत काका नेहमी जिंकायचे आणि जिंकल्याबद्दल जिलबी आणायचे. ते मिलमध्ये हिशेबनीस होते. उंच, मोठ्या आवाजाचे, आणि काकूंची थट्टा केल्याशिवाय त्यांचा चहा खाली उतरत नसे. काकू कमी बोलायच्या. हसायच्या तेव्हा पदर तोंडाला लावायच्या.

त्यांच्या घरच्या महालक्ष्म्या साऱ्या गल्लीच्या होत्या. गल्लीत मराठी घरं आमची चारच, पण जेवायला माळवी, सिंधी सगळी यायची. मुखवटे काकूंच्या आजेसासूने वऱ्हाडातून आणलेले, कच्च्या मातीचे, रंगवलेले. थोरलीचा चेहरा गंभीर, आणि धाकटीच्या ओठांच्या एका कोपऱ्यात असं काही होतं की ती आता हसेल असं वाटायचं. दोघींना काकू साड्या नेसवायच्या तेव्हा मी टाचण्या धरून उभी राहायची. सोळा भाज्या, आंबील, पुरण, केवड्याचं पान, घरभर उमटलेली कुंकवाची पावलं. तीन दिवस काकू ज्या थाटात वावरायच्या, तशा वर्षभरात एरवी कधी दिसायच्या नाहीत. काका त्या तीन दिवसांत त्यांची थट्टा करत नसत.

मी चौदाची होते त्या वर्षी गणपतीला आठेक दिवस असताना काकूंच्या बहिणीचं देवासला ऑपरेशन निघालं. काकू मुखवट्यांची लाकडी पेटी छातीशी धरून आमच्या दारात आल्या. "वहिनी, तुमच्याकडे माळा आहे. आमच्या घराचं काही खरं नाही, आणि ह्यांना कुठे लक्षात राहतंय. वर ठेवून घ्या, मी आले की नेते." मग आवाज बारीक करून म्हणाल्या, "ह्यांना पसंत नाहीये हौ. म्हणतात, घरची लक्ष्मी उंबऱ्याबाहेर काढू नये. पण माती आहे शेवटी, भीती वाटते." आईच्या हाताला कणीक होती. तिने मला सांगितलं, "जा, नीट माळ्यावर ठेव. पुढेच ठेव, हाताशी."

माळ्यावर पुढे, हाताशी, माझे बूट होते.

पांढरे, कॅनव्हासचे, शाळेच्या खो-खोच्या टीमसाठी घेतलेले. त्याआधीच्या वर्षी असेच बूट पाण्यात गेले होते आणि मी दोन दिवस रडले होते. या वेळी उज्जैनला सामने होते, म्हणून श्रावणातच मी ते खोक्यात घालून माळ्यावर लपवले होते. लपवले अशासाठी की बाबांचा सक्त नियम होता, माळ्यावर धान्य असतं, गणपतीचं मखर असतं, तिथे चप्पल-बूट चढवायचे नाहीत. मी पेटी घेऊन शिडीवर उभी राहिले आणि मला कळेना. बुटांच्या शेजारी महालक्ष्मी कशी ठेवायची? एवढे संस्कार माझ्यावर झालेले होते. बूट खाली काढावेत तर आई बघेल. मागे सरकवावेत तर मखर काढावं लागेल, आवाज होईल. मग मला वाटलं, देवाला देवाजवळच ठेवावं. मी खाली उतरले आणि पेटी देव्हाऱ्याखालच्या फळीवर, पुढे पडदा असतो तिथे, ठेवून दिली. वर हळद-कुंकूही वाहिलं. मनाला फार बरं वाटलं होतं, हे मला स्वच्छ आठवतं.

चौथ्या दिवशी दुपारी पाणी आलं. बाबा ऑफिसात होते. ते पुलापर्यंत पोचले, पण पूल बंद केलेला. पलीकडून ते हातांचा कर्णा करून ओरडत होते, "आधी पीठ! पीठ!" आणि पुलावरचे लोक हसत होते. आई खालून देत होती, मी माळ्यावर बसून घेत होते. पीठ, गाद्या, पुस्तकं. आम्ही दोघी फार छान काम करत होतो. मशीनचं डोकं वर घेताना माझा गुडघा बुटांच्या खोक्याला लागला आणि मला पेटी आठवली.

पाणी तेव्हा पहिल्या विटेवर होतं. देव्हाऱ्याखालची फळी दुसऱ्या विटेच्या उंचीवर. वेळ होता. मी एवढंच म्हणायचं होतं, आई, ती पेटी दे. आई विचारणार, ती खाली कशी? मग ती वर चढून जागा करणार, आणि तिला खोकं दिसणार. मी मनाशी म्हटलं, दुसऱ्या विटेच्या वर पाणी जात नाही. सहसा तरी नाहीच. आधी कपडे घेऊ. देव शेवटी असतात.

त्या दिवशी ते चौथ्या विटेवर गेलं.

पाणी उतरलं तेव्हा पेटी तरंगत येऊन शिडीच्या पायाशी अडकली होती. आईने झाकण उघडलं. आत गुलाबी-पिवळा रबडा, त्यात दोन नथी आणि केसांच्या गंगावनाची एक जुडी. आईने दोन्ही नथी उचलून पदराला पुसल्या. "माळ्यावर ठेवली होतीस ना गं?" मी म्हटलं, "हो. तू खालून डबे वर ढकलताना पडली असेल." पेटी शिडीपाशीच होती, त्यामुळे शंका घ्यायला जागा नव्हती. खोटं बोलताना इतकी सगळी मदत कधी कोणाला मिळाली नसेल.

काकू तिसऱ्या दिवशी आल्या. आई रडत होती, काकू रडल्या नाहीत. पेटी घेऊन घरी गेल्या. आम्ही मागोमाग गेलो. काका खाटेवर बसले होते. त्यांनी आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "मी घरी होतो. सगळं आढ्याला टांगलं, घरात चार वस्तूसुद्धा भिजल्या नाहीत. झाडूसुद्धा वर ठेवला होता मी." आई म्हणाली, "भावजी, चूक आमची आहे, माळ्यावरून पडली." काका तिला म्हणाले, "वहिनी, तुमचा काय दोष? एवढ्या उंचावरून खाली पाण्यात ती कशाला पडेल? ती पडली नाही. ती उतरली. हिने उंबऱ्याबाहेर काढलं, ती तिथूनच उतरून निघून गेली." मी आईच्या मागे उभी होते. माझे बूट कोरडे होते.

उज्जैनला आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. मला त्याचं वाईटही वाटलं नाही.

त्या वर्षी काकूंच्या घरी महालक्ष्म्या बसल्या नाहीत. पुढच्या वर्षीही नाहीत. बाबांनी एकदा विषय काढला होता, नवे मुखवटे आणू, मी स्वतः जाऊन आणतो. काका म्हणाले, "जी आपल्या पायांनी गेली तिला बाजारातून कसं आणायचं, भिया?" आणि पुन्हा तो विषय कोणी काढला नाही. भाद्रपदात आमच्याकडच्या साध्या खड्यांच्या गौरींना काकू यायच्या, पुरण वाटायच्या, पोळ्या लाटायच्या, आमच्या उंबऱ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत कुंकवाची पावलं काढायच्या. त्यांचा हात फार सुबक होता. आई म्हणायची, आता ओटी भरा. तर म्हणायच्या, "तुम्हीच भरा, वहिनी. माझ्या हातचं नको." आणि आपल्या घरी निघून जायच्या, त्या दिवशी जिथे एक दिवाही जास्तीचा लागलेला नसायचा.

काका वाईट नव्हते. हे मी स्वतःला वाचवायला म्हणत नाही, खरंच नव्हते. पण घाबरलेला माणूस काय करेल सांगता येत नाही. मिल बंद झाली, "उतरली ना ती." गुडघा धरला, "उतरली ना ती." आधी चिडून, मग सवयीने, मग चहा मागावा तितक्या सहज. थट्टा मात्र संपली ती संपलीच. आशाताईचं पहिलं बाळ गेलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. फक्त काकूंकडे पाहिलं. मी तेव्हा कॉलेजात होते, त्या खोलीत होते. तेव्हा सांगता आलं असतं. चांगली मोठी होते, बूट-फिटांसाठी कोणी मारलं नसतं. पण इतक्या वर्षांनी इतकी छोटी गोष्ट सांगायची तर तोंड कसं उघडायचं, हे मला कळेना. ती जितकी जुनी होत गेली तितकी सांगायला लाजिरवाणी होत गेली. नंतर मला नोकरी लागली, आम्ही उंचावरच्या कॉलनीत चौथ्या मजल्यावर घर घेतलं. आई गेली ती डबे आपणच ढकलले असं समजून गेली. काका गेले तेव्हा मी दहा मिनिटं जाऊन आले.

काकू त्या रविवारी जमिनीवर बसून मेथी निवडत होत्या. भोवती गाठोडी, दोरीने बांधलेली खोकी. आशाताई टेम्पो आणायला गेली होती. "आलीस बेटा? बस. पोहे करते, वर भुरभुरायला थोडं जीरावन उरलंय अजून." मी म्हटलं, नको काकू, आणि त्यांच्यासमोर बसून मेथी निवडायला लागले. गुडघे, टेम्पोवाला, सिमरोलचं पाणी असं काहीबाही बोलणं झालं. मग त्या म्हणाल्या, "आशाच्या डोक्यात काय आलंय बघ. म्हणते, आई, यंदा तिकडे महालक्ष्मी बसवू, मुखवटे घेऊन ठेवलेत, तू फक्त साड्या नेसव. मी साफ सांगून दिलं हौ, तुला बसवायच्या तर बसव, मी हात नाही लावणार. मी खोलीतसुद्धा नाही येणार. माझ्या हातून ती एकदा उतरलीये. तुझ्या लेकराबाळांचं घर आहे, मला रिस्क नाही घ्यायची."

मी हातातली जुडी खाली ठेवली आणि सांगून टाकलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. बूट, शिडी, पडदा, पहिली वीट. मशीनचं डोकं. वेळ होता, हेही सांगितलं, ते सांगायचं नाही असं ठरवून गेले होते तरी.

काकूंचे हात थांबले होते. मग म्हणाल्या, "म्हणजे ती माळ्यावर गेलीच नव्हती?"

"नाही काकू."

"मग उतरली कुठून?"

"उतरली नाही. मी ठेवली होती तिथेच होती."

"बूट?"

"हो."

"कोणत्या रंगाचे?"

"पांढरे."

त्यांनी मान हलवली, कोणी भाजीचा भाव सांगितल्यावर हलवावी तशी. मला वाटलं आता रडतील, किंवा मला हाकलतील, किंवा माफ करतील. मला त्यातलं काहीही चाललं असतं. त्या भिंतीला हात लावून उठल्या. एका खोक्याची दोरी सोडायला लागल्या. गाठ सुटेना, मी पुढे झाले तर म्हणाल्या, "रहने दे, मी करते." वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक तसबीर त्यांनी बाहेर काढली. कागद उलगडला. काका. जाड चष्मा, कोट, लग्नाबिग्नातला फोटो असावा. त्यांनी पदराने काच पुसली, तसबीर भिंतीला टेकवून उभी केली आणि शेजारी बसल्या. इतक्या ताठ बसलेल्या मी त्यांना फार वर्षांनी पाहत होते.

"आता यांना सांग," त्या म्हणाल्या.

"काकू..."

"मला नको सांगू. मला तर तीस वर्षं ऐकवून ऐकवून यांनी गप्प केलं. दोन वर्षं आधी आली असतीस, तर समोरासमोर झालं असतं. आता असंच सांग. पहिल्यापासून सांग, मी पेटी घेऊन आले तिथपासून."

मी त्या फोटोकडे पाहिलं आणि सुरुवात केली. काका, त्या वर्षी काकू देवासला जाणार होत्या. माझा आवाज मलाच ऐकू येईना.

"जोरात सांग, बेटा," काकू म्हणाल्या. "शेवटी शेवटी यांना कमी ऐकू यायचं."